बाजारापासूनचे अंतर आजही जमिनीचा वापर ठरवते का?

प्रश्नकर्ता : वर्तुळरेषा (येथे सर्व जण टोपणनावाने लिहितात)

नमस्कार. मी महाविद्यालयात मानवी भूगोल शिकवतो. कृषी भूगोलाचे प्रकरण आले की फळ्यावर जर्मन शेतकरी-अर्थतज्ज्ञ फॉन थ्यूनेन यांची एकात एक बसणारी वर्तुळे काढायची, मध्यभागी शहर, त्याभोवती भाजीपाला व दूध, मग जंगल, मग धान्यशेतीचे पट्टे आणि सर्वांत बाहेर पशुपालन असा क्रम सांगायचा, ही माझी अनेक वर्षांची पद्धत आहे. या वेळी एका विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला की मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

तिचे म्हणणे असे : केनियातील नैवाशा सरोवराच्या काठी वाढवलेले गुलाब विमानाने युरोपच्या बाजारात पोहोचतात. स्पेनमधील आल्मेरिया येथे हजारो हेक्टरांवर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पिकणारी भाजी ट्रकमधून उत्तर युरोपात जाते. उलट वाढत्या शहरांच्या अगदी वेशीवर कितीतरी जमीन वर्षानुवर्षे पडून असते. म्हणजे ज्या भाजीने शहराला चिकटून असायला हवे ती हजारो किलोमीटर दूर आहे आणि जेथे भाजी असायला हवी तेथे गवत वाढले आहे. असे असताना ही वर्तुळे आम्ही का शिकायची?

मी तिला म्हणालो की प्रतिमान (मॉडेल) म्हणजे वास्तवाची नक्कल नव्हे. हे चुकीचे नाही, पण त्या उत्तराने मी प्रश्नाला बगल दिली असे मला नंतर वाटत राहिले. मला खरोखर जाणून घ्यायचे आहे की अंतर हा घटक आता गौण झाला आहे की त्याचे रूप बदलले आहे. शहरालगतच्या पडीक जमिनीचे स्पष्टीकरण त्याच तर्काने देता येते की त्यासाठी वेगळा विचार लागतो. आणि बाजार बाजूला ठेवला तर गावाच्या आत, घर आणि शेत यांमधील अंतराचे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

उत्तर १ : तोलमाप

वर्तुळरेषा, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम आहे. मात्र तो प्रतिमानाच्या चित्राला विचारलेला आहे, त्यामागच्या हिशेबाला नाही. पाठ्यपुस्तकांनी चित्र ठेवले आणि हिशेब गाळला, त्यामुळे हा घोटाळा पुन्हा पुन्हा होतो.

योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन हे प्रत्यक्ष शेती करणारे जमीनमालक होते. १८१० मध्ये त्यांनी उत्तर जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग प्रांतात टेलो नावाची जहागीर विकत घेतली आणि तेथील खर्च, मजुरी, वाहतूक व उत्पन्न यांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींच्या आधारे आपले विवेचन उभे केले. त्याचा पहिला भाग १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकच शहर, सर्वत्र सारख्या कसाची सपाट जमीन, नदी नाही, माल नेण्यासाठी केवळ घोडागाडी आणि बाहेरच्या जगाशी कोणताही व्यापार नाही, अशी स्थिती त्यांनी मुद्दाम कल्पिली. हे जग असे आहे, असा त्यांचा दावा नव्हता. बाकी सर्व घटक स्थिर ठेवल्यावर एकटे अंतर काय करते, हे त्यांना पाहायचे होते. पुढे त्यांनी स्वतःच त्यात नौकानयनास योग्य अशी नदी आणली आणि वर्तुळे नदीच्या काठाने लांबट होत जातात, हे दाखवले.

आता हिशेब. मराठीत दुसऱ्याची जमीन कसण्याबद्दल मालकाला जे देतात त्याला आपण खंड म्हणतो. थ्यूनेन यांच्या विचारात स्थानामुळे मिळणारा खंड मध्यवर्ती आहे : एका हेक्टरातील पिकाची बाजारातील किंमत, वजा ते पिकवण्याचा खर्च, वजा ते बाजारापर्यंत नेण्याचा खर्च. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिले पीक हेक्टरी १० टन येते आणि बाजाराच्या दारात प्रत्येक टनामागे ६ एकक शिल्लक उरते. दुसरे पीक हेक्टरी २ टनच येते, पण टनामागे २० एकक उरतात. वाहतुकीला दर टनाला दर किलोमीटरमागे ०.२ एकक लागते असे धरले, तर शहराच्या दारात पहिले पीक हेक्टरी ६० आणि दुसरे ४० एकक देईल. परंतु प्रत्येक किलोमीटरमागे पहिल्याचे उत्पन्न २ एककांनी घटते आणि दुसऱ्याचे केवळ ०.४ ने. साडेबारा किलोमीटरवर दोघांचा खंड सारखा होतो, म्हणजे ३५ एकक. त्याच्या आत पहिले पीक, त्याच्या बाहेर दुसरे. या हिशेबात नाशवंतपणाचा उल्लेखही आलेला नाही, हे लक्षात घ्यावे. सीमारेषा ठरवली ती हेक्टरी वजनाने आणि वाहतुकीच्या दराने.

आता वाहतुकीचा दर निम्मा करा. पहिले पीक २५ किलोमीटरपर्यंत टिकाव धरते. वर्तुळ नाहीसे होत नाही, ते ताणले जाते. आल्मेरिया हे याच ताणलेल्या वर्तुळाचे टोक आहे. तेथील हिवाळी ऊन आणि आच्छादन यांमुळे उत्पादनखर्चात जी बचत होते ती ट्रकच्या भाड्यापेक्षा जास्त भरते, आणि शीतगृहाची सोय असलेल्या ट्रकमुळे दोन दिवसांचा प्रवास पूर्वीच्या काही तासांच्या प्रवासाइतका निर्धोक झाला आहे. गुलाबाचे तर वजनाच्या मानाने मोल इतके अधिक की त्याला विमानाचे भाडे परवडते. मात्र नैवाशाची फुलशेती नैरोबीच्या विमानतळापर्यंत रस्त्याने काही तासांत पोहोचता येईल अशाच ठिकाणी वाढली, ही गोष्ट नजरेआड करू नये. फुलांचे अंतर अशा वेळी विमानतळापासून मोजायचे असते, गिऱ्हाइकाच्या घरापासून नव्हे.

जंगलाचे दुसरे वर्तुळ विद्यार्थ्यांना सर्वांत विचित्र वाटते. शहराच्या इतक्या जवळची जमीन झाडांसाठी कोण ठेवील? पण थ्यूनेन यांच्या काळी स्वयंपाक, ऊब आणि बांधकाम सर्व लाकडावर चाले, आणि लाकूड वजनाला जड व मोलाला हलके असल्याने ते दुरून आणणे परवडत नसे. कोळसा आणि रेल्वे आल्यावर युरोपात हे वर्तुळ पुसले गेले. तरीही ते विसाव्या शतकात पाहायला मिळाले, तेही आफ्रिकेत. रोनाल्ड होर्वाथ या भूगोलज्ञांनी १९६९ मध्ये आदिस अबाबाच्या परिसराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शहराभोवती निलगिरीच्या झाडांचा मोठा पट्टा आढळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरे मेनेलिक यांच्या काळात ही झाडे इथिओपियात आणली गेली, कारण नव्या राजधानीच्या आसपासचे सरपण संपत चालले होते. जर्मनीतील एका शेतकऱ्याने दीड शतकापूर्वी मांडलेला तर्क इथिओपियाच्या डोंगरपठारावर, त्याचे नावही न ऐकलेल्या लोकांच्या हातून उभा राहिला, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

तसेच भूगोलज्ञ एर्न्स्ट ग्रिफिन यांनी १९७३ मध्ये उरुग्वे हा संपूर्ण देश तपासला, कारण माँटेव्हिडिओ या एकाच मोठ्या शहराभोवतीचा तो सपाट प्रदेश थ्यूनेन यांच्या कल्पनेच्या बराच जवळ जातो. राजधानीपासून दूर जाताना शेतीची सघनता कमी होत जाते, हा ढोबळ नमुना तेथे दिसला.

आणखी एक प्रसंग सांगून थांबतो. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी 'डुनेडिन' हे शीतयंत्र बसवलेले जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून निघाले आणि ९८ दिवसांनी गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले. त्यापूर्वी न्यूझीलंडच्या मेंढ्यांपासून लोकर मिळे, कारण लोकर नासत नाही आणि वजनाच्या मानाने तिला मोल चांगले येते. मांसाला मात्र जवळपास ग्राहकच नव्हते. त्या एका फेरीने न्यूझीलंड लंडनच्या बाह्य वर्तुळातून आतल्या वर्तुळात सरकले. किलोमीटर तितकेच राहिले, पण मांस आणि लोणी यांच्यापुरते अंतर बदलले, आणि त्याबरोबर तेथील कुरणांचे, कळपांचे व शेतघरांचे रूपही बदलत गेले.

उत्तर २ : वेशीवरची जमीन

तोलमाप यांचा हिशेब मान्य करून मी शहरालगतच्या पडीक जमिनीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते येथे थ्यूनेन यांचा क्रम नुसता ताणला जात नाही, उलटा होतो.

भूगोलज्ञ रॉबर्ट सिंक्लेअर यांनी १९६७ मध्ये हेच मांडले. थ्यूनेन यांचे शहर वाढत नाही. ज्या शहराची हद्द दर वर्षी पुढे सरकते त्याच्या कडेला जमिनीची किंमत तिच्यात काय पिकते यावर ठरत नाही, तिच्यावर उद्या काय बांधले जाईल यावर ठरते. अशा जमिनीच्या मालकाने विहीर खोदली, निचऱ्याचे चर काढले, फळबाग लावली किंवा गोठा बांधला तर तो खर्च भरून येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतील, आणि तेवढा अवधी त्या जमिनीला नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो खर्च करत नाही. शेतीतील गुंतवणूक शहरापासून दूर जाताना वाढत जाते आणि शहराचा दबाव जेथे जाणवत नाही तेथे ती पुन्हा थ्यूनेन यांच्या क्रमाने घटू लागते. शहराला सर्वांत जवळच्या पट्ट्यात बांधकामांत विखुरलेली शहरी शेती, त्यापुढे मोकळी ठेवलेली किंवा तात्पुरती चराईला दिलेली जमीन, त्यापुढे हंगामी पिके आणि दूधधंदा त्याहून बाहेर, असा साधारण उलटा क्रम सिंक्लेअर यांनी वर्णिला आहे.

विद्यार्थिनीला सांगताना एक शब्द जपून वापरावा, असे मला वाटते, आणि तो शब्द म्हणजे 'पडीक'. दुष्काळाने, क्षाराने किंवा मनुष्यबळाच्या अभावी पडलेली जमीन आणि मालक दर वाढण्याची वाट पाहत असल्याने पडलेली जमीन वरून सारखी दिसतात. उपग्रहाच्या चित्रात दोहोंचा रंगही एकच येईल. पण पहिली जमीन कोणालाच उत्पन्न देत नाही, तर दुसरी मालकाच्या हिशेबात रोज वाढत असते. नुकसान होते ते ज्याने ती कसली असती त्याचे.

याच कडेच्या जमिनीवर एक विरुद्ध चित्रही दिसते, आणि ते सिंक्लेअर यांच्या अमेरिकी उदाहरणांत बसत नाही. घानातील अक्रा आणि कुमासी येथे शहराच्या आत व कडेला ओढ्यांच्या काठी, सखल व बांधकामाला गैरसोयीच्या जागांवर लेट्यूस व इतर पालेभाज्या दाटीने पिकवल्या जातात. तेथे शीतसाखळी (माल थंड ठेवून नेण्याची सोय) तोकडी आहे आणि पालेभाजी उन्हात काही तासांत मान टाकते, म्हणून जवळिकीचे मोल टिकून आहे. त्याशिवाय आणखी एक कारण आहे. पालेभाजी महिना-सव्वा महिन्यात काढता येते, तिला कायमची बांधबंदिस्ती लागत नाही, आणि उद्या जमीन सोडण्याची पाळी आली तर फार तर एका वाफ्याचे नुकसान होते. ज्यांना जमिनीवर हक्क नाही आणि केवळ तोंडी परवानगी आहे, त्यांना झेपणारे हेच पीक आहे. म्हणून शहराच्या कडेला कोणते पीक आहे हे पाहताना बाजारापर्यंतच्या अंतराइतकेच महत्त्व कसणाऱ्याच्या हातात किती मुदत आहे, या प्रश्नाला द्यायला हवे. जमिनीवरचा भरवसा महिन्यांत मोजता येतो की दशकांत, हे पिकावरून ओळखता येते.

उत्तर ३ : पायवाट

आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. घर आणि शेत यांमधील अंतर हा विषय वर्गात बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो. माझ्या समजुतीप्रमाणे गावाच्या शिवाराचा नकाशा वाचण्याची खरी किल्ली तेथेच आहे.

ब्रिटिश भूगोलज्ञ मायकेल चिझम यांनी १९६२ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. त्यांचे गाजलेले उदाहरण सिसिलीतील कानिकाती या वस्तीचे आहे. तेथे शेतकरी एका मोठ्या वस्तीत दाटीने राहत आणि शेते चहूकडे कित्येक किलोमीटरपर्यंत पसरलेली असत. वस्तीपासून दूर जाताना हेक्टरी लागणारे श्रमाचे दिवस घटत जातात, आणि ते घटतात कारण पीकच बदलते : द्राक्षवेलींसारखी सतत हात मागणारी पिके तुलनेने जवळ आणि बिनपाण्याची धान्यशेती दूर. एक किलोमीटरच्या पुढे अंतर जाणवू लागते आणि तीन-चार किलोमीटरवर ते जाचक होते, असा त्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष होता.

हा जाच समजण्यासाठी एक साधा गुणाकार पुरेसा आहे. शेत तीन किलोमीटरवर आहे आणि माणूस पायी जातो, तर जाऊन-येऊन सुमारे ऐंशी मिनिटे जातात. ज्या पिकाला हेक्टरी १५० दिवसांचे काम लागते त्यासाठी नुसत्या चालण्यात २०० तास खर्च होतात. ज्याला २० दिवस लागतात त्यासाठी २७ तासही लागत नाहीत. त्यात शेणखताची वाहतूक मिळवा. हेक्टरी दहा टन खत अर्ध्या टनाच्या गाडीने न्यायचे तर वीस फेऱ्या होतात, आणि तेच डोक्यावरून न्यायचे तर विचारच सोडावा लागतो. म्हणून खत घराजवळच्या शेतात पडते, तेथील माती पिढ्यान्‌पिढ्या सुधारत जाते, आणि पुढे कोणी मातीचा नमुना तपासून म्हणतो की गावकऱ्यांनी सुपीक जागा पाहून गाव वसवले. कित्येकदा सुपीकता गावानंतर आलेली असते. पश्चिम आफ्रिकेतील अनेक गावांत घराला लागून दर वर्षी खत पडणारे व दर वर्षी पिकणारे वाफे, त्यापुढे काही वर्षे कसून काही वर्षे सोडलेली जमीन आणि त्यापुढे दीर्घ विश्रांतीची झुडपी जमीन असे पट्टे दिसत आले आहेत. नायजेरियातील कानो शहराभोवती तर गाढवांवरून शहरातील खत बाहेर आणि शेतातील माल व सरपण आत, अशा वाहतुकीवर दाट वस्तीचा व सलग लागवडीचा मोठा पट्टा पोसला गेला.

मात्र येथे दोन गोष्टींची पुरवणी जोडल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिली म्हणजे दूरवर विखुरलेल्या तुकड्यांकडे केवळ अडचण म्हणून पाहू नये. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील ट्योर्बेल या डोंगरी गावाचा मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी केलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे एकेका कुटुंबाकडे वेगवेगळ्या उंचीवर कुरण, धान्याचा तुकडा, बाग आणि द्राक्षमळा असे कितीतरी लहान तुकडे होते. त्यामुळे पायपीट वाढे, पण एका उंचीवर गारा पडल्या तर दुसऱ्या उंचीवरचे पीक वाचे, आणि कामाचा हंगामही पुढे-मागे होत असल्याने घरच्या माणसांना सर्व ठिकाणी पोहोचता येई. उंचावरची उन्हाळी कुरणे मात्र सामाईक राहिली. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणी त्या कुरणावर पाठवू नयेत, असा त्या गावाचा नियम १५१७ पासून नोंदलेला आहे. एकाच गावाने काही जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटून घेतली आणि काही वाटली नाही, आणि दोन्ही निर्णय विचारपूर्वक होते.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. चिझम यांच्या हिशेबात चालणारा माणूस एकसंध आहे. प्रत्यक्षात एका घरात कोण चालतो, कोण ओझे वाहतो आणि खत कोणाच्या तुकड्यावर पडते, हे ठरलेले असते. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ मध्ये बुर्किना फासोतील शेतीविषयी जे दाखवले ते प्रत्येक वर्गात सांगावे असे आहे. तेथे एकाच घरात पुरुषांचे आणि स्त्रियांचे तुकडे वेगळे असतात. तेच घर, तेच पीक, तेच वर्ष असूनही स्त्रियांच्या तुकड्यांचे उत्पन्न सुमारे ३० टक्के कमी भरले, आणि त्यामागे त्या तुकड्यांवर खत व मनुष्यबळ कमी लागणे हे मोठे कारण होते. खताची गाडी जवळच्या तुकड्यावर जाते हे खरे, पण कधी कधी जवळचा तुकडा ओलांडूनही ती पुढे जाते, आणि ते का होते याचे उत्तर नकाशावर सापडत नाही.

उत्तर ४ : सीमारेखा

वरील तिन्ही उत्तरे मन लावून वाचली. पायवाट यांनी शेवटी ज्या दाराशी आणून सोडले, तेथून मी पुढे जातो. हिशेबाने जमिनीचा वापर ठरतो, हे म्हणताना त्या हिशेबात बोली लावण्याची मुभा कोणाला होती, हा प्रश्न आधी यायला हवा.

केनियाचेच पाहा. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोहोचली. त्यानंतर मध्य केनियातील थंड व सुपीक उंच प्रदेश गोऱ्या वसाहतदारांसाठी राखले गेले. आफ्रिकी शेतकऱ्यांना राखीव क्षेत्रांत ठेवले गेले आणि अत्यंत मर्यादित अपवाद सोडता त्यांना कॉफी लावण्यास मज्जाव होता. कुंपणाच्या दोन बाजूंना माती एक, पाऊस एक, बंदरापर्यंतचे अंतर जवळपास एक, तरीही एकीकडे कॉफीचे मळे आणि दुसरीकडे लहान तुकड्यांवर घरापुरते धान्य. थ्यूनेन यांचे सूत्र येथे निरुत्तर आहे. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर (वसाहत सरकारची शेतीसुधारणेची योजना) ही बंदी शिथिल होत गेली आणि लहान शेतकऱ्यांनी कॉफी व चहा दोन्ही लावले. आज केनियाच्या चहापैकी निम्म्याहून अधिक चहा लहान शेतकऱ्यांकडून येतो. ती जमीन आधीही तितकीच योग्य होती.

जमीन मोजण्याची पद्धतही पुढची कित्येक शतके अंतरे ठरवून ठेवते. कॅनडाच्या क्वेबेक भागात फ्रेंचांनी सेंट लॉरेन्स नदीला काटकोनात अरुंद, लांब पट्ट्या आखल्या. प्रत्येकाला नदीवर तोंड मिळाले, घरे काठाने एकमेकांजवळ राहिली, आणि त्याची किंमत म्हणून शेताचे मागचे टोक घरापासून फार दूर गेले. अमेरिकेच्या १७८५ च्या भूमी अध्यादेशाने उलट केले. सहा मैल लांब-रुंद चौकोन, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने त्यातील चतुर्थांश, म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाला देऊ केले. चिझम यांची अडचण तेथे सुटली, कारण घर शेतातच उभे राहिले. पण शेजारी, शाळा आणि दवाखाना दूर गेले, आणि ते दूरपण आजही त्या प्रदेशांतील ग्रामीण जीवनाचा भाग आहे. इंग्लंडमधील संसदीय कुंपणबंदीने, म्हणजे खुली व सामाईक जमीन संसदेच्या कायद्यांनी कुंपण घालून खाजगी करण्याने, सुमारे ६८ लाख एकर जमिनीची फेरमांडणी केली. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र झाल्या आणि ज्यांच्या नावे जमीन होती त्यांची पायपीट वाचली. ज्यांच्याकडे केवळ सामाईक माळावर गाय चारण्याचा व सरपण गोळा करण्याचा रिवाजी हक्क होता त्यांच्यापैकी पुष्कळांना फारच थोडे मिळाले किंवा काहीच मिळाले नाही.

जगातील शेतजमिनीची वाटणी किती विषम आहे याचा एकच आकडा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार दोन हेक्टरांपेक्षा लहान शेते संख्येने ८४ टक्के आहेत, पण त्यांच्याकडे शेतजमीन केवळ १२ टक्के आहे. तरीही जगाच्या अन्नापैकी साधारण ३५ टक्के अन्न तेथे पिकते. यापुढे 'शेतकरी सर्वाधिक खंड देणारे पीक निवडतो' हे वाक्य लिहिताना कोणता शेतकरी, हे लिहावे.

तोलमाप

सीमारेखा, केनियाच्या उदाहरणापुढे मी मान तुकवतो. माझी एवढीच भर आहे की बंदी किती मोठी होती, हे मोजायलाही तेच सूत्र उपयोगी पडते. कुंपणाच्या दोन बाजूंना जो खंड सारखा असायला हवा होता आणि नव्हता, त्यातला फरक म्हणजे कायद्याने काढून घेतलेली रक्कम. सूत्र नसते तर ती मोजता आली नसती. मात्र ती का काढून घेतली गेली, हे सूत्र सांगणार नाही, हे खरे.

वर्तुळरेषा

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या तासाला मी तो साडेबारा किलोमीटरचा हिशेब विद्यार्थिनीलाच फळ्यावर करायला सांगणार आहे, आणि मग दर निम्मा करायला. आदिस अबाबा व केनिया ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवण्याचा विचार आहे. एकात सूत्र अनपेक्षितपणे खरे ठरते आणि दुसऱ्यात ते गप्प बसते.

एक शंका उरते. जेथे लोकसंख्या वाढण्याऐवजी घटते आहे आणि गावेच रिकामी होत आहेत, तेथे यातले काय लागू पडते? आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रभेटीत करता येईल असे एखादे काम कोणी सुचवील का?

पायवाट

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कामात देता येईल.

जपानमध्ये २०१५ च्या कृषीगणनेत सुमारे ४ लाख २३ हजार हेक्टर शेतजमीन सोडून दिलेली म्हणून नोंदली गेली. युरोपच्या डोंगराळ भागांतही अनेक दशके असेच होत आले आहे. अशा ठिकाणी जमीन एकदम सुटत नाही. ती एका क्रमाने सुटते, आणि तो क्रम बहुतेक वेळा उताराच्या, आडबाजूच्या, लहान आणि यंत्र न पोहोचणाऱ्या तुकड्यांपासून सुरू होऊन घराजवळच्या सपाट तुकड्यापाशी थांबतो. गाव भरत असताना शेती ज्या वाटेने बाहेर पसरली, साधारण त्याच वाटेने ती मागे येते. म्हातारपणी माणसाला पेलणारे अंतर कमी होते, हे त्यातले साधे कारण आहे, आणि ज्या गावात कसणारे बहुतेक सत्तरीकडे झुकलेले आहेत तेथे चिझम यांचा एक किलोमीटर अर्ध्या किलोमीटरवर येतो.

विद्यार्थ्यांना कोणत्याही एका गावाच्या शिवाराचा नकाशा द्यावा आणि पाच-सहा घरांना प्रत्येक तुकड्याविषयी चार गोष्टी विचारायला सांगाव्यात : पावसाळ्यात तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, गेल्या वर्षी तेथे कोण कोण कामाला गेले, खत शेवटचे केव्हा पडले, आणि एक तुकडा सोडावाच लागला तर आधी कोणता सोडाल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातील पुरुषाकडून आणि स्त्रीकडून वेगवेगळे घ्यावे व दोन निराळ्या कागदांवर उतरवावे. अंतर किलोमीटरमध्ये न लिहिता मिनिटांत लिहावे, आणि वाटेची रुंदी स्वतंत्र रकान्यात नोंदवावी, कारण ज्या वाटेवरून ट्रॅक्टर जात नाही तिच्या टोकाचा तुकडा जवळ असूनही आधी सोडायच्या तुकड्यांच्या यादीत वर आलेला आढळेल.